निकियात नेमके काय ठरले?

आपल्याकडच्या वाझांतून आणि छोट्या पुस्तिकांतून एक विधान वारंवार कानावर येते : ख्रिस्ती लोकांनी इ.स. ३२५ मध्ये मते मोजून हजरत ईसा (अ.स.) यांना देव ठरविले; त्याआधी ते त्यांना केवळ माणूस मानीत. विधान सुटसुटीत आहे, वादात हमखास उपयोगी पडते. पण आम्ही मुलांना इतिहास शिकवितो, आणि इतिहासात हे बसत नाही.

सभा भरली हे खरे. आजच्या तुर्कस्तानातील इझनिक म्हणजे तेव्हाचे निकिया. तेथे सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांना बोलाविले. परंपरा ३१८ बिशप सांगते. अभ्यासकांचा अंदाज दोनशे ते तीनशेच्या दरम्यान आहे. भांडण मूळचे अलेक्झांड्रियाचे. तेथील एरियस नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे होते की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून तो अनादि नव्हे. त्याच्या बिशपाने, अलेक्झांडरने, त्याला बहिष्कृत केले. सम्राटाला हा सारा वाद क्षुल्लक वाटला होता. तसे पत्रच त्याने दोघांना धाडले. ३२४ मध्ये एकहाती आलेले साम्राज्य पुन्हा फुटू नये, ही त्याची खरी चिंता. (राज्यकर्त्यांची धर्मचिंता बहुधा याच जातीची असते.) सभेने पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत असे ठरविले. त्यासाठी वापरलेला ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द बायबलात नाही, ही अडचण तो स्वीकारणाऱ्यांनाही जाणवत होती. एरियस आणि त्याच्या बाजूचे दोन बिशप हद्दपार झाले.

आता एरियसला ‘आपला माणूस’ म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. हजरत ईसा केवळ पैगंबर होते असे तो कधीच म्हणाला नाही. साऱ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला आणि ज्याच्याकरवी सृष्टी घडली तो पुत्र, अशी त्याची श्रद्धा होती. हा आपला अकीदा खचितच नव्हे. शिवाय भक्ती निकियाहून कितीतरी जुनी आहे. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला कळविले होते की, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे गातात. म्हणजे निकियाच्या दोनशे वर्षे आधी! चार शुभवर्तमाने तेथे निवडली गेली, हीही ऐकीव गोष्ट. ईस्टर कधी साजरा करावा, हा विषय मात्र तेथे होता.

आणि सभेने वाद मिटलाही नाही. ३३७ मध्ये मृत्युशय्येवरील कॉन्स्टंटाईनला बाप्तिस्मा दिला तो एरियसच्याच पाठीराख्या बिशपाने. निकियाचा कैवारी अथानेशियस पाच वेळा हद्दपार झाला. सम्राट बदलला की अधिकृत श्रद्धाही डळमळे. पुढे थिओडोसियसने ३८० मध्ये फर्मान काढले आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने निकियाचा निर्णय कायम केला, तेव्हा साम्राज्यात एरियसच्या पक्षाचा जोर संपला. साम्राज्याबाहेरच्या गॉथ टोळ्यांत तो आणखी दोनशे वर्षे टिकला. स्पेनच्या गॉथ राजसत्तेने तो ५८९ मध्ये सोडला.

हे वाचताना आम्हाला आपलाच इतिहास आठवतो. कुरआन शरीफ मख्लूक की गैरमख्लूक, म्हणजे अल्लाहचा शब्द निर्माण झालेला की अनादि, या प्रश्नावर खलिफा मामूनने ८३३ मध्ये काझी आणि उलेमांची चौकशी आरंभिली. इमाम अहमद इब्न हंबल यांना कैद झाली आणि पुढे मोतसिमच्या काळात त्यांनी चाबकाचे फटके सोसले, पण आपला शब्द फिरविला नाही. शेवटी मुतवक्किलने ती चौकशी बंद केली.

या दोन्ही वादांची गाठ त्याआधीच पडली होती. उमय्यांच्या चाकरीत असलेल्या घराण्यातील दमास्कसचा योहान हा ख्रिस्ती पंडित आठव्या शतकात आपल्या लोकांना शिकवीत होता की, मुसलमान ईसांना अल्लाहचा ‘कलिमा’ म्हणतात. तेव्हा त्यांना एवढेच विचारा, तो कलिमा निर्माण झालेला आहे की नाही?