जमील, खालिद

जमील, खालिद : (२१ एप्रिल १९७७). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म कुवेतमध्ये, भारतीय कुटुंबात. आखाती युद्धानंतर कुटुंब मायदेशी परतले आणि पुढे मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली.

त्या काळी मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांवर उभा होता. जमील यांची व्यावसायिक कारकीर्द महिंद्रा युनायटेडमध्ये सुरू झाली. मधली काही वर्षे एअर इंडियाकडून खेळून २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्राकडे आले. ते मध्यरक्षक होते आणि राष्ट्रीय संघातूनही खेळले. मात्र उमेदीची बरीच वर्षे दुखापतींनी हिरावून नेली. २००७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते दाखल झाले. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकानंतर २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

पुढची सात वर्षे खर्चाला हात आखडता असलेला हा संघ त्यांनी आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय स्पर्धेत टिकवून धरला. कूपरेजच्या मैदानाचे काम चालू असताना घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागत. आधी बचाव भक्कम, मग संधी मिळताच वेगवान प्रतिहल्ला, ही त्यांची पद्धत तिथेच घडली. तिला कंटाळवाणी म्हणणारे पुष्कळ होते. साधनांची चणचण असलेल्या संघाला तीच शहाणपणाची होती, हे पुढच्या घटनांनी दाखवले.

२०१६ मध्ये मुंबई एफसीशी त्यांचे नाते संपले. मिझोरमचा ऐजॉल एफसी तेव्हा आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील तिथे गेले, आणि जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतले खेळाडूही त्या संघात आले. २२ एप्रिल २०१७ रोजी घरच्या मैदानावर त्यांनी मोहन बागानला १–० ने हरवले. आता विजेतेपदासाठी शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग संघाने सुरुवातीलाच गोल केला, तिकडे कोलकात्यात बागान जिंकत होते. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाच्या गोलने १–१ अशी बरोबरी साधली गेली आणि ऐजॉल ३७ गुणांसह विजेता ठरला. बागानचे गुण ३६. आय-लीग जिंकणारा हा ईशान्येचा पहिला क्लब. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, ही गोष्ट मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना आजही सलते.

ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही बड्या क्लबांचे प्रशिक्षकपद त्यांनी अल्पकाळ सांभाळले. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी जबाबदारी येताच त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते या लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. लीग सुरू होऊन तोवर सात हंगाम झाले होते. भारतीय प्रशिक्षकांवर विश्वास टाकायला एवढा वेळ लागावा, हे खेदजनक आहे. पुढे जमशेदपूर एफसीला त्यांनी २०२४–२५ च्या हंगामात लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी गाठून दिली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोनदा मिळाला.

१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची निवड झाली. सावियो मेदेइरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी या पदावर भारतीय माणूस आला. मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स कपमध्ये भारताने यजमान ताजिकिस्तानला २–१ असे नमवले आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरकडून १–२ अशी हार पत्करावी लागली व २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. या अपयशाचे खापर एकट्या जमील यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल : ते आले तेव्हा पात्रता फेरीच्या दोन सामन्यांतून भारताच्या खात्यात एकच गुण जमा होता.