दान, हिशेब आणि आपली जबाबदारी



नाशिक म्हटले की काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. त्यावर भाषणे होतात, जलसे होतात. पण त्या लढ्याला पैसा कोणी पुरवला, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. विहाराच्या वर्धापनदिनी हा प्रश्न विचारला पाहिजे असे आम्हाला वाटते, कारण विहारही दानावरच उभा आहे.

२ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा नाशकात सुमारे पंधरा हजार माणूस जमले होते. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तरी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा चालू ठेवला. पत्रके छापायची, खेड्यापाड्यांतून आलेल्यांच्या पोटापाण्याचे बघायचे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही ते पाहायचे. हा खर्च सरकार देणार नव्हते आणि सावकार तर नाहीच नाही. ज्यांच्या घरात उद्याच्या पिठाची भ्रांत होती, त्याच आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन हा लढा तोलला.

मोठे दाते आपल्याला लाभलेच नाहीत असे नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ते उपकार आपण विसरणार नाही. तरी १९२३ पर्यंत पत्र बंद पडले. एका दात्याने सुरुवात होते, पण काम चालू ठेवायला शेकडो हात लागतात. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. आपल्या नाशकात शांताबाई दाणी यांनी मुलींच्या वसतिगृहाचे काम उभे केले. संस्था लहान होत्या, पण त्यातूनच शिक्षक, कारकून, वकील तयार झाले.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण दिले. ते त्याने थेट वाटून टाकले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट घातली. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. वाचकांनी स्वतः गणित करून पाहावे. दरमहा वीस म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीसच. एक पैही इकडची तिकडे नाही! शिवाय हे सगळे नगराच्या सभेत जाहीर केले आणि रीतीप्रमाणे नोंदवले, असेही त्यात लिहिले आहे.

उषवदात राजघराण्यातला होता. पण त्याच डोंगरावर मुगुदास नावाच्या कोळ्याचे लेणे आहे, धंभिक गावच्या गावकऱ्यांनी चैत्याच्या दर्शनी भागाला दिलेले दान आहे. पुढे ईश्वरसेन आभीर राजाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभारांच्या, तेल्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. म्हणजे दान राजानेही दिले, गरिबानेही दिले, आणि ते सांभाळले कष्टकऱ्यांनी.

आम्ही गिरणीत हयात घालवली, म्हणून एक गोष्ट आम्हाला फार लागते. ज्या देशात विणकरांवर विश्वास ठेवून संघाचा पैसा त्यांच्या हाती दिला गेला, त्याच देशात पुढे मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात उभे करत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचेही असेच. माँटगोमेरी शहरात १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी बसवर बहिष्कार टाकला. चर्चमध्ये वर्गणी जमली, त्यातून गाड्या चालवून माणसांना कामावर पोचवले, आणि ३८१ दिवस बहिष्कार टिकला. न्यायाची लढाई नुसत्या घोषणांवर टिकत नाही, तिला रोजचा खर्च असतो.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. आज आपल्यापैकी किती जण देतात? आणि दिलेले जाते कुठे? मंडप, लाउडस्पीकर, कमान. उत्सव हवाच, आम्हीही नाचलो आहोत. पण वस्तीतली मुलगी वसतिगृहाच्या अनामत रकमेवाचून घरी बसत असेल, किंवा अत्याचाराच्या खटल्यातला साक्षीदार रोज बुडतो म्हणून कोर्टात जात नसेल, तर त्या कमानीखालून आपण ताठ मानेने कसे जायचे?

म्हणून आमची सूचना आहे. येत्या वर्षावासापासून विहाराने एक कायम ठेव सुरू करावी. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याज वस्तीतल्याच कामाला द्यावे : अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांना, महिला मंडळाला, परीक्षा फीला, खटल्याच्या भाड्याला. कोणाला किती द्यायचे ते सभेत ठरावे, त्यात बायाबापड्यांचेही मत घ्यावे. आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचावा, फळ्यावर लिहावा.

आपल्या पूर्वजांनी हिशेब दगडावर कोरला. आपल्याला तर खडूच लागणार आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!