पानशेत, १९६१ : एका सरावप्रश्नाच्या निमित्ताने

माझी रूममेट सध्या पीएमपी या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करीत आहे. रोज रात्री जेवण झाले की ती सरावप्रश्न सोडवावयास बसते आणि अडली की प्रश्न मोठ्याने वाचते. परवाचा प्रश्न साधारण असा होता : प्रकल्प ठरल्या मुदतीच्या वर्षभर आधी वापरात आणावा असा वरून आग्रह आहे, एक महत्त्वाचा भाग अपुरा आहे, व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावे? खाली चार पर्याय. मी इतिहासाची विद्यार्थिनी. माझ्या तोंडून निघाले, ‘पानशेत’. आजचा धागा त्याविषयी.

आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण मूळ नियोजनानुसार १९६२ साली पुरे व्हावयाचे होते. पुढे मुदत अलीकडे ओढली गेली आणि १९६१ च्या पावसाळ्यातच त्यात पाणी अडवावयाचे ठरले. एकामागून एक करावयाची कामे एकाच वेळी सुरू करणे, यास आजची परीक्षा ‘फास्ट ट्रॅकिंग’ म्हणते, आणि त्याने जोखीम वाढते हे उत्तर प्रत्येक उमेदवारास पाठ असते. १९६१ साली मात्र हे शास्त्रच कोवळे होते. कामांच्या साखळीतील निर्णायक मार्ग शोधण्याची पद्धत १९५७ च्या सुमाराची, अमेरिकी नौदलाची ‘पर्ट’ पद्धत १९५८ ची, आणि पीएमपीची पहिली परीक्षा तर १९८४ ची. अर्थात, मोरी पुरी झाल्यावाचून तलाव भरू नये हे कळण्यास प्रमाणपत्र लागत नाही.

गोम त्या मोरीतच होती. भिंतीच्या पोटातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मार्गाचे काम अपुरे होते. दरवाजे उचलण्याची यंत्रणा बसलेली नव्हती. दरवाजे अर्धवट उघड्या स्थितीत राहिले. आतला पृष्ठभाग खडबडीत असल्याने प्रवाह उसळ्या घेत वाहू लागला, त्याचे धक्के बांधकामास बसू लागले. त्यात पाऊस विलक्षण पडला : १८ जून ते १२ जुलै या काळात सुमारे ७० इंच. नव्या मातीवर पाण्याचा भार भराभर चढत गेला आणि मोरीच्या वरचा भराव खचू लागला. पाया ढळला नव्हता, सांडवाही अपुरा पडला नव्हता. अडचणीच्या वेळी पाणी सोडण्याची सोय नव्हती, एवढेच.

११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या भिंतीवर वाळूची पोती रचली. त्या श्रमांमुळे धरण रात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले. पुणेकरांना पळावयास उजेड मिळाला तो या जवानांमुळे.

पानशेतच्या खाली खडकवासला. १८७९ साली पुरे झालेले हे दगडी धरण तोवर ऐंशी वर्षे उभे होते. वरून आलेला लोंढा काही तास त्याच्या माथ्यावरून वाहिला, मग तेही फुटले. पानशेतची जोखीम पानशेतपुरती नव्हतीच. तिच्या वाटेत एक जुने धरण आणि त्याच्या खाली एक शहर होते. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, लकडी पूल बुडाला. खडकवासला गेल्यामुळे शहराचे पिण्याचे पाणीही गेले, आणि नळ आल्यापासून विस्मरणात गेलेले वाड्यांतील आड पुन्हा उपसले गेले. गोखलेनगर, सहकारनगर या भागांतील पूरग्रस्तांच्या वसाहती त्यानंतरच्या. माझ्या कित्येक पुणेकर मैत्रिणींच्या घरी आजही काळ ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असा मोजतात.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. त्यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले.

आता माझ्या मनातील खरी अडचण. सरावप्रश्नात ‘एक महत्त्वाचा भाग अपुरा आहे’ हे वाक्य आयतेच छापलेले असते. १९६० साली मुदत अलीकडे ओढणाऱ्यांपुढे ते तसे छापलेले नव्हते. त्यांच्यापुढे एक पावसाळा होता आणि तो वाया जाऊ द्यावयाचा की नाही, एवढाच प्रश्न दिसत असावा. आपण मात्र उत्तरपत्रिका हाती घेऊन त्यांना तपासतो. ही सवलत ओळखून इतिहास लिहावा, असे मी म्हणेन. परंतु ती १९६० पुरतीच. जून १९६१ मध्ये, दरवाजे उचलता येत नाहीत हे डोळ्यांनी दिसत असताना, प्रश्न पुरेसा स्पष्ट छापला गेला होता. तेव्हाच्या निर्णयांना मी ही सवलत देऊ शकत नाही, आणि याबाबत तुमचे मत वेगळे असेल तर अवश्य लिहा.

रूममेटने सारे ऐकून घेतले. त्या परीक्षेत एका प्रश्नास साधारण सव्वा मिनिट. ‘तुझ्या पानशेतने माझी वीस मिनिटे खाल्ली,’ ती म्हणाली आणि ‘आधी परिणामांचे मूल्यमापन करावे’ या पर्यायावर खूण केली. उत्तर बरोबर निघाले. मग तिने विचारले, ‘पण मूल्यमापन करून तो सांगणार कोणाला? आग्रह तर वरूनच आहे ना?’

तो पाचवा पर्याय पुस्तकात नव्हता. तिने पान उलटले.