१०० च्या आतली आत्या

आत्याचा रिपोर्ट अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. बीएनपी ६४. शेजारी छापलंय : नॉर्मल, १०० च्या आत.

जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून ती दवाखान्यात गेली होती. ‘हार्टचं काही नाही, वजन कमी करा,’ असं सांगून तिला घरी पाठवलं. बिचारी ओशाळली आणि रात्रीची भाकरी सोडून बसली. तीन महिन्यांनी पाय सुजले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी इको केला. हृदयाचं पंपिंग ठीक होतं, पण भिंती ताठर झाल्या होत्या. हार्ट फेल्युअर.

मी सॉफ्टवेअरवाला. कोडमध्ये कुणी ‘१००’ असा नुसता आकडा लिहून ठेवला, की माझा पहिला प्रश्न असतो : हा आला कुठून?

शोधत मागे गेलो तर गोष्ट उंदरांपाशी पोचली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींमध्ये ग्रंथींत असतात तसे बारीक दाणे आहेत, हे १९५० च्या दशकातच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं होतं. ते तिथे करतात काय, हे मात्र कोडंच होतं. १९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो दि बोल्ड आणि सहकाऱ्यांनी त्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. उंदरांची लघवी दहापट झाली, तिच्यातून जाणारं सोडियम तीसपटींहून जास्त! आपण ज्याला पंप समजत होतो, ते हृदय हार्मोनही बनवत होतं. ताण आला की ते मूत्रपिंडांना जणू सांगतं : मीठ-पाणी बाहेर टाका, मला झेपत नाहीये.

१९८८ मध्ये जपानी संशोधकांना तसाच रेणू डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून बीएनपीतला ‘बी’ ब्रेनचा. पुढे कळलं, की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतो. नाव तेच राहिलं. (आमच्या कोडमध्ये अशी नावं ढिगानं सापडतील.)

आणि १०० ला वजन मिळालं ते २००२ च्या एका मोठ्या अभ्यासातून. दम लागून इमर्जन्सीत आलेले १,५८६ रुग्ण. १०० ही सीमा धरली, तर हार्ट फेल्युअर असलेल्या दहांपैकी नऊ जण सापडत होते, आणि ते नसलेल्या चारांपैकी साधारण एकावर उगाच शिक्का बसत होता. सीमा खाली आणली तर जास्त रुग्ण सापडतात, पण चुकीचे शिक्केही वाढतात. म्हणजे १०० ही तडजोड होती. दहावा माणूस सुटणार, हे त्या पेपरातच दिसत होतं.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं, की लठ्ठ माणसांच्या रक्तात बीएनपी मुळातच कमी असतं, अगदी हार्ट फेल्युअर असतानाही. अशा रुग्णांसाठी सीमा निम्म्यापर्यंत खाली आणावी, असं युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी नंतर सुचवलं. निम्मे म्हणजे ५०. आत्याचे ६४.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे वजनानं दम लागला नाही, वजनानं रिपोर्ट झाकला?”

“तसंच काहीसं.”

“आणि मी भाकरी सोडली!”

गेल्या महिन्यात तिला पुन्हा लॅबमध्ये नेलं. फॉर्मवर नाव, वय, लिंग विचारलं होतं. वजनाचा रकाना नव्हता. मी वरच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलं : ९४ किलो.