सिनेमा कधी लावायचा?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो शनिवार होता. १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिकवर ‘आलम आरा’ बोलू लागला, तोही शनिवारच. मराठा मंदिरवर ‘मुघल-ए-आझम’ लागला तो ५ ऑगस्ट १९६०चा दिवस मात्र शुक्रवार, आणि हिंदी सिनेमाने हा वार आजवर फारसा सोडलेला नाही.

वार ठरला तरी तारखेची एवढी मारामारी नव्हती. प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्याच निघायच्या आणि ठरावीक थिएटरांत महिनोन्‌महिने फिरायच्या. आज तिकीट नाही मिळालं तर माणूस पुढच्या महिन्यात जायचा. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला, म्हणजे सुट्टीचा शुक्रवार साधून लागला, तरी सुरुवातीला धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असंच धरलं होतं. मग संवाद लोकांच्या तोंडी बसले आणि मिनर्व्हात तो पाच वर्षं हलला नाही. आज त्याला दुसऱ्याच शुक्रवारी उतरवला असता.

कारण मल्टिप्लेक्स आली, रिळं गेली, आणि एकच सिनेमा एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लावता येऊ लागला. कमाई पहिल्या तीन दिवसांत गोळा करायची, तर ते तीन दिवस सुट्टीचेच हवेत.

सलमान खानचा ‘वाँटेड’ सप्टेंबर २००९मध्ये ईदच्या तोंडावर आला, पुढच्या वर्षी ‘दबंग’. रमजानमध्ये मुस्लिम वस्त्यांतली थिएटरं ओस पडतात, म्हणून वितरक बडा सिनेमा हातचा राखतात. महिनाभर साचलेली गर्दी ईदला एकदम तिकीटखिडकीवर येते. हिशेब साधा, पण एक मेख आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०१२मध्ये ती ऑगस्टात होती, २०२५मध्ये थेट मार्चअखेर, परीक्षांच्या दिवसांत.

दिवाळी एवढी भटकत नाही, म्हणून तिथं भांडण जास्त. १३ नोव्हेंबर २०१२ला, लक्ष्मीपूजनाच्या मंगळवारी, ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ एकदम आले. ऑगस्टातला ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीचा सिनेमाही आमचाच लावा, अशी अट यशराज फिल्म्सने एकपडदा थिएटरांना घातली, अशी तक्रार घेऊन अजय देवगणची कंपनी स्पर्धा आयोगाकडे गेली. आयोगाने ती फेटाळली. थिएटरवाल्यांचं मत कुणी विचारलं असतं तर त्यांना दोन्ही हवे होते!

मराठी निर्मात्याच्या वाट्याला यातलं उरलंसुरलंच येतं. २०१३च्या ऑगस्टात ‘चेन्नई एक्स्प्रेस’साठी ‘दुनियादारी’ उतरवायची वेळ आली, तेव्हा मनसेने थिएटरांना दम भरला. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला तो परीक्षा संपल्यावर, गावोगावच्या जत्रांच्या हंगामात, भर सुट्टीत.

‘छावा’ची पहिली तारीख होती ६ डिसेंबर २०२४. समोर ‘पुष्पा २’ ठाकल्यावर ती सोडून १४ फेब्रुवारी धरली गेली, पाच दिवसांवर शिवजयंती. त्या बुधवारी गल्ला मंगळवारपेक्षा वर गेला. दीड महिन्याने सलमानचा ‘सिकंदर’ आला, ३० मार्चला: रविवार, वर गुढीपाडवा, दुसऱ्या दिवशी ईद. यापेक्षा चांगली तारीख कॅलेंडरात सापडणं कठीण होतं, पण सिनेमा काही चालला नाही.