बाली, लोम्बोक आणि लेबलवरचा एक शब्द

पीएचडीच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी आंबोलीहून ४१ बाटल्या भरून किडे आणले. प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आंबोली'. आठवड्याभराने गाईडनी विचारलं, "कुठली आंबोली? घाटमाथ्यावरची की कोकणाकडे उतरणाऱ्या उताराची?" मला आठवेना. वहीतही नव्हतं. त्या ४१ बाटल्या माझ्या थिसिसमध्ये कुठेच नाहीत.

याच चुकीवर १८५२ साली एका तरुणाने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे तक्रार मांडली होती. आल्फ्रेड रसेल वॉलेस अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षं काढून परतला होता. त्याचं म्हणणं असं, की म्युझियममधल्या माकडांच्या लेबलवर 'ब्राझील' किंवा नुसतं 'अ‍ॅमेझॉन नदी' लिहिलेलं असतं. पण नदीच्या कुठल्या काठाला? काही जाती एकाच काठाला सापडतात, पलीकडे जात नाहीत. मग काठ लिहिला नसेल तर त्या लेबलचा उपयोग काय? गंमत (की दुर्दैव) अशी, की परतीच्या प्रवासात त्याचं 'हेलन' जहाज पेटलं आणि सोबत आणलेले त्याचे स्वतःचे नमुनेही जळाले.

दोन वर्षांनी, एप्रिल १८५४ मध्ये, तो सिंगापूरला उतरला. पुढची आठ वर्षं तो आजच्या मलेशिया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर फिरला, अंदाजे १४,००० मैल, आणि त्याच्याच हिशोबाने १,२५,६६० नमुने गोळा झाले. त्यातले ८३,२०० नुसते भुंगेरे!

आपल्याला हवी ती घटना जून १८५६ मधली. त्याला सिंगापूरहून मकासारला जायचं होतं. थेट जहाज मिळेना, म्हणून तो बालीमार्गे निघाला. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर जेमतेम दोन दिवस, मग लोम्बोक. मधली सामुद्रधुनी २० ते ४० किलोमीटर रुंद. हवा स्वच्छ असेल तर बालीवरून लोम्बोकचा ३,७२६ मीटर उंच रिंजानी ज्वालामुखी दिसतो. दोन्ही बेटं ज्वालामुखींचीच, हवामान जवळपास सारखं. बालीवर त्याला तांबट, सुतार, सुगरणीच्या जातीचे पक्षी दिसले, म्हणजे जावावर असतात तेच. साहजिकच पलीकडेही तेच दिसतील असं त्याला वाटलं. दिसले नाहीत. दिसले काकाकुवे, मधावर जगणारे हनीईटर आणि पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी पुरणारे मेगापोड. ही सगळी ऑस्ट्रेलियाकडची मंडळी.

इथे जरा थांबा, कारण पद्धतीच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. बालीत दोन दिवस आणि लोम्बोकमध्ये अडीच महिने, असं असमान सॅम्पलिंग आज कुठला रिव्ह्यूअर चालवून घेईल? पण कशाला किती पुरावा लागतो ते पाहा. 'बालीवर तांबट आहे' हे म्हणायला एक तांबट पुरे. 'लोम्बोकवर तांबट नाही' हे म्हणायला मात्र खूप दिवस शोधावं लागतं, आणि वॉलेसचे दिवस नेमके तिथेच खर्ची पडले. यात योजनेपेक्षा योगायोग जास्त होता. बालीला पुन्हा येता येईल या समजुतीत तो पुढे गेला आणि परत कधी गेलाच नाही, याची हळहळ त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

कारण समुद्राच्या तळाशी होतं. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि बाली एका उथळ खंडमंचावर बसलेली बेटं आहेत. हिमयुगाच्या शिखरावर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा ही सगळी आशियाला जोडलेली जमीन होती आणि प्राणी चालत बालीपर्यंत येऊ शकत होते. बाली-लोम्बोकमधलं पाणी इतकं खोल आहे, की तेव्हाही तिथे समुद्रच राहिला. उथळ आणि खोल समुद्राचा हा फरक जॉर्ज विंडसर अर्लने १८४५ मध्येच दाखवला होता. वॉलेसने त्यावर पक्षी ठेवले. हिमयुगातली पातळी किंवा प्लेट टेक्टॉनिक्स त्याला ठाऊक नव्हतं, जमीन खचली असं तो समजत होता. तरी १८६३ च्या पेपरच्या नकाशावर त्याने लाल रेघ ओढली. तिला 'वॉलेस रेषा' हे नाव १८६८ मध्ये हक्स्लीने दिलं.

आता माणसांकडे या. वॉलेस गेला तेव्हा लोम्बोकवर मुस्लिम सासक लोकांवर बालीहून आलेल्या हिंदू राजांची सत्ता होती. दोन्ही बेटांवर डोंगरउतारावर पाटाच्या पाण्याची भातखाचरं. तांबटाला न ओलांडता आलेलं पाणी राजा, देव आणि शेती तिन्हींनी ओलांडलं होतं.

याच राजाची एक गोष्ट वॉलेसने सांगितली आहे. ऐकीव आहे, पण सर्व्हे करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी. भाताचा कर माणशी ठरलेला. गावं माणसं कमी सांगायची आणि मधले अधिकारी वाटेत हात मारायचे. खरी संख्या कळणार कशी? राजा अग्निपर्वतावर गेला आणि खाली येऊन म्हणाला, मोठी रोगराई येणार आहे. वाचायचं तर बारा पवित्र क्रिस, म्हणजे तिथले नागमोडी खंजीर, घडवायचे. त्यासाठी प्रत्येक गावाने माणशी एक सुई पाठवायची. एकही कमी-जास्त नको, नाहीतर उपाय लागू पडणार नाही. गावांनी काटेकोर मोजून सुया पाठवल्या. क्रिस घडले आणि राजाला जनगणनाही मिळाली! कराच्या वेळी खोटं बोलण्यात गावाचा फायदा होता, सुयांच्या वेळी खरं बोलण्यात. तुमची प्रश्नावली उत्तर देणाऱ्याला कशासारखी दिसते, कराची की सुयांची?

वॉलेसने माणसांसाठीही रेघ ओढली, आणि ती पक्ष्यांच्या रेघेवर बसली नाही. बरीच पूर्वेला, सुंबावा आणि फ्लोरेसच्या मधून गेली. पश्चिमेला 'मलय', पूर्वेला 'पापुआन'. इथे मात्र त्याचा माल कच्चा आहे. केस, चेहरा आणि चक्क स्वभाव, मलय अबोल तर पापुआन गडबडे, हे त्याचे निकष. आज असा पेपर कोणी पाठवला तर मी पहिल्या पानावरच नापसंती लिहीन. तरीही २०१० मध्ये इंडोनेशियातल्या डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा आशियाई वंशाचा वाटा पूर्व इंडोनेशियात त्याच पट्ट्यात झपाट्याने उतरताना दिसला. रेघ साधारण बरोबर, कारण चुकलं. तो दोन बुडालेल्या खंडांचा विचार करत होता. प्रत्यक्षात पूर्वेला हजारो वर्षांपासून राहणारे लोक होते, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने शेतकरी-दर्यावर्दी होड्यांनी उतरत आले. त्यांच्या भाषांचं कुटुंब बाली-लोम्बोक दोन्हीकडे आहे, पार मादागास्करपर्यंत आहे. पण टर्नाटे या छोट्या बेटाची भाषा त्या कुटुंबातली नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग मूळची याच टर्नाटे-तिदोरच्या परिसरातली, म्हणजे पक्ष्यांच्या रेघेपलीकडून आलेली.

पक्ष्यांच्या रेघेवरही तो अडून बसला नाही. सुलावेसी कुठल्या बाजूला टाकायचं हे त्याला शेवटपर्यंत छळत राहिलं आणि १९१० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याने ते आशियाच्या बाजूला हलवलं.

आणि अली. सारावाकचा हा मलय पोरगा १८५५ मध्ये स्वयंपाकाला लागला, मग पक्षी मारायला आणि कातडी काढायला शिकला. लोम्बोकमध्येही तो होता, मलाक्काचा मॅन्युएलही होता. ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर अलीने एक कधी न पाहिलेला पक्षी आणून दाखवला: स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळातला, खांद्यांवर लांब पांढरी पिसं. वॉलेसने पुस्तकात अलीचं श्रेय स्पष्ट लिहिलं. शास्त्रीय नाव मात्र पडलं सेमिओप्टेरा वॉलेसाय.

माझ्या बाटल्यांवर आता तीन ओळी असतात. पहिलीत अक्षांश-रेखांश, उंची आणि उताराची बाजू. दुसरीत तारीख-वेळ. तिसरीत कोणी पकडला. गेल्या मोसमातल्या ६३ पैकी ३८ बाटल्यांवर तिसऱ्या ओळीत माझं नाव नाही.