तेल आधी, नियम नंतर

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे खनिज तेलाचे भाव कडाडले आणि आयातीवर विसंबलेल्या भारताची कोंडी झाली. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या रिगला समुद्रतळाखाली तेल सापडले. मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’मधून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्र कायदा संमत करून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर देशाचा हक्क प्रस्थापित केला. १९७८ मध्ये तटरक्षक दलाला कायद्याचे अधिष्ठान लाभले. या तेलसंपत्तीचे रक्षण हे त्याच्या स्थापनेमागील एक कारण होते.

ही तत्परता तेलगळतीच्या प्रश्नाच्या वाट्याला मात्र आली नाही. मे १९९३ मध्ये बॉम्बे हाय ते उरण ही तेलवाहिनी फुटली आणि काही हजार टन कच्चे तेल समुद्रात पसरले. तेलगळतीच्या निवारणासाठी राष्ट्रीय आपत्ती योजना लागू झाली ती १९९६ मध्ये, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यावर तब्बल २० वर्षांनी.

हा विलंब महाग का पडतो, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. सांडलेल्या तेलातील हलके घटक पहिल्या काही दिवसांत उडून जातात. उरलेले जड तेल लाटांच्या घुसळणीने पाण्याशी मिसळून लोण्यासारखे घट्ट होते, त्याचे आकारमान वाढते आणि ते उचलणे दुरापास्त होते. खारफुटीच्या श्वसनमुळांवर त्याचा थर बसला की झाडे गुदमरतात. चिखलात मुरलेले तेल वर्षानुवर्षे टिकते. म्हणून पहिल्या काही तासांतील कृतीचे मोल नंतरच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांपेक्षा अधिक असते.

पुढेही क्रम तोच राहिला. २७ जुलै २००५ रोजी एका साहाय्यक जहाजाची धडक बसून बॉम्बे हाय नॉर्थ हा फलाट जळाला आणि २२ जणांचा बळी गेला. समुद्रातील उत्खननाच्या सुरक्षिततेची स्वतंत्र नियमावली २००८ मध्ये आली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागले, तेव्हा योजना लागू होऊन २० वर्षे उलटली होती. तरीही माणसे बादल्यांनी तो राडा उपसत होती.

भरपाईच्या बाबतीतही उणीव आहे. तेलवाहू जहाजाच्या मालकावर दायित्व टाकणारा आंतरराष्ट्रीय करार १९६९ चा आहे. परंतु समुद्रातील विहिरीतून होणाऱ्या गळतीसाठी तसा जागतिक करार आजही नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे १,५०० मीटर खोलीवरील विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तेथील मच्छीमारांना कोणत्याही जागतिक कराराचा नव्हे, तर अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याचा आधार होता.

बॉम्बे हाय येथे समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. आता भारत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल पाण्यात उतरला आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेथील नव्या क्षेत्रातून तेल येऊ लागले. इतक्या खोलीवर पाणबुड्याचा हात पोहोचत नाही. तेथे अपघातानंतर नियम शिकण्याची सोय उरलेली नाही. गळती रोखण्याची साधने आणि भरपाईचे दायित्व, दोन्ही पहिल्या विहिरीआधी निश्चित व्हायला हवीत. कारण त्या चुकीची किंमत तेल कंपनीच्या ताळेबंदाआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या जाळ्यात उतरते.